कोडपंथी

जुन्या अमेरिकन मसल कार बाळगणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला मनपंथी. गाडी माझी, पैसे माझे, रंगही माझ्या मनाचा. 'हाच रंग का?' असं विचारलं तर हा 'आवडला' म्हणून मोकळा होतो. अशा सरळ माणसावर लिहायचं तरी काय? दुसरा कोडपंथी. गाडी याचीही स्वतःचीच असते आणि पैसेही याच्याच खिशातून जातात. पण गाडीचा रंग कारखान्याने १९७० साली ठरवून टाकलेला आहे, आपल्याकडे फक्त अंमलबजावणीचं खातं आहे, अशी याची श्रद्धा असते. 'हाच रंग का?' हा प्रश्न याला विचारायचा असेल तर आधी घरी सांगून यावं, जेवायला थांबू नका म्हणून.

डेट्रॉइट आणि आसपासची उपनगरं हे या पंथाचं आद्यपीठ. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' नावाची जत्रा भरते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टिॲक गावापर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते, पेट्रोलच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून लोक दिवसभर बसून राहतात. त्या गर्दीतही कोडपंथी चटकन ओळखू येतो. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यावर गाडीच्या कंपनीची टोपी, गळ्यात दोरीला चष्मा आणि शर्टाच्या खिशात छोटी टॉर्च. भर दुपारी टॉर्च कशाला, तर लोकांच्या बॉनेटखाली वाकायला. एखादी झगझगीत जांभळी डॉज चॅलेंजर आली की पोरंटोरं 'काय जांभळा आहे!' म्हणून ओरडतात. हा मान न वळवता 'एफसी७' म्हणतो. आणि क्षणभर थांबून, 'असेल तर.'

त्या 'असेल तर'मध्ये याचा सगळा धर्म आला.

आता थोडं मागे जायला हवं. मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं व्ही-८ इंजिन कोंबायचं आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही युक्ती १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओने रूढ केली. चार-पाच वर्षांत सगळ्यांचीच इंजिनं दांडगी झाली, तेव्हा गिऱ्हाइकाला ओढायला उरला रंग. वडीलमंडळी फिकट निळ्या नि बदामी गाड्यांतून ऑफिसला जात होती. पोरांसाठी कंपन्यांनी असे रंग काढले की उभी असलेली गाडीही वेगमर्यादा मोडते आहे असं हवालदाराला वाटावं. डॉजने प्लम क्रेझी, गो मँगो, टॉप बनाना, सब्लाइम काढले. फोर्डने ग्रॅबर ब्लू आणि त्याची भावंडं आणली. अमेरिकन मोटर्सने १९६९ मध्ये निळा, नारिंगी आणि हिरवा असे तीन रंग काढून तिघांनाही 'बिग बॅड' ही पदवी दिली. डॉजने पुढच्या वसंतात पँथर पिंकसुद्धा काढला, आणि तो विकत घेणारे पुरुषही निघाले. डॉज ज्या क्रायस्लरची, तिच्या या भडक रंगांना चौदा-एक डॉलर जादा पडत. मूळची प्लम क्रेझी आणि मूळची बदामी, बाकी सगळं सारखं असलेल्या या दोन गाड्या आज लिलावात उभ्या करा, मग त्या चौदा डॉलरवर किती शून्यं चढली ते कळेल.

कोडपंथीयाला मात्र ही नावं मान्य नाहीत. नावं विकणाऱ्यांनी ठेवली, आणि विकणाऱ्यांचं काय खरं धरायचं? जो रंग डॉजच्या गाडीवर प्लम क्रेझी म्हणून जाई तोच डबा क्रायस्लरच्याच प्लिमथ गाडीवर ओतला की इन-व्हायलेट होई. १९६९ च्या जीटीओ जजवरचा 'कॅरोसेल रेड' चांगला नारिंगी होता आणि शेवरलेच्या यादीत तोच हगर ऑरेंज म्हणून नांदत होता. कारखान्याने रंगाला दिलेल्या कोडला अशी सोंगं जमत नाहीत. एफसी७ म्हणजे एफसी७, मग बाजूला कुठल्याही कंपनीचं नाव असो.

हा कोड राहतो एका पत्र्याच्या पट्टीवर. क्रायस्लरच्या गाड्यांत ही पट्टी बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डावर स्क्रूने बसवलेली असते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, बाहेरचा रंग, आतलं रेक्झीन, छपराचं आवरण, उत्पादनाची तारीख, सगळं आकडे-अक्षरांत ठोकलेलं. गाडीचा सातबाराच तो. शेवरलेमध्ये तो काचेच्या खाली काऊलवर सापडतो, फोर्डमध्ये दारावर. शिवाय जोडणीच्या रांगेत गाडीबरोबर फिरणारा एक कागद असे, बिल्ड शीट नावाचा. कामगार तो काम झाल्यावर मागच्या सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर कोंबून देत. त्यांच्या दृष्टीने ती रद्दी होती. पन्नास वर्षांनी कोडपंथी तीच रद्दी चिमट्याने उलगडतो. उंदराने कुरतडलेला कोपरासुद्धा तो टाकत नाही. उंदीरही मूळचा असू शकतो.

एखाद्या पट्टीवर रंगाच्या जागी ९९९ असतं. म्हणजे त्या वेळी कुणीतरी यादीबाहेरचा रंग खास मागवला होता. हा आकडा सापडला की कोडपंथीयाची अवस्था पाहण्यासारखी होते. मूळ गिऱ्हाईक मनपंथी होतं, याचा सरकारी पुरावा! मनाला येईल तो रंग देणं हे पाप. पण ते पाप कारखान्याच्या हातून, १९७० साली, पट्टीवर नोंद करून झालं असेल तर ते पाप राहत नाही, दुर्मिळ होतं.

याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे स्वतःच्या गाडीची पट्टी वाचण्याचा. गाडी घेतलेली असते ओहायोतल्या कुणाच्या कोठारातून, आणि ती असते लाल. लालच असते. जुनी गाडी विकायला काढली की आधी तिला लाल करून घ्यायचं, ही जुनी रीत आहे. धंद्यातले लोक त्याला 'रीसेल रेड'च म्हणतात. हा गाडी गॅरेजमध्ये आणतो, बॉनेट उचलतो, टॉर्च लावतो, पट्टीवरची काजळी पुसतो. मनात आशा अर्थातच एफसी७ ची असते. निदान ईव्ही२, म्हणजे हेमी ऑरेंज. पट्टीवर निघतो ईएफ८.

ईएफ८ म्हणजे गडद हिरवा मेटॅलिक. वाईट रंग नव्हे. पण झाडाखाली उभी केली तर मालकालाही लवकर सापडू नये, असा. खात्री करायला तो दाराच्या फटीत पॉलिश पेपर घासतो. लाल जातो, त्याखाली करडा प्रायमर निघतो, मग कुणाच्या तरी तारुण्यातला काळा, आणि अगदी तळाला तो हिरवा, जिवंत. याची बायको चहाचा मग घेऊन दारात उभी असते.

"हिरवी होती?" ती विचारते.

"आहे," हा म्हणतो. "हिरवी आहे."

मित्र जमतात. एकजण म्हणतो, जांभळी कर, किंमत वाढेल. हा पट्टीकडे बोट दाखवतो. मित्र म्हणतो, पट्टी काय, नवी ठोकून मिळते. यावर कोडपंथी जे बोलतो ते मराठीत आणता येईल, पण छापता येणार नाही. त्या मित्राचा गॅरेजमधला प्रवेश तिथे संपतो. बायको मात्र घरातलीच असल्यामुळे तिला बंदी घालता येत नाही, आणि ती नेमका नको तो प्रश्न विचारते.

"तुला आवडतो हा हिरवा?"

"प्रश्न आवडीचा नाहीये."

मला हा माणूस आवडतो तो याच उत्तरासाठी. जगात रंगांचे हजारो डबे मिळत असताना आपल्याला काही निवडायचंच नाही, याचा केवढा निवांतपणा त्याच्या चेहऱ्यावर असतो! मनपंथी शेजारी दोन वर्षं रंगांच्या नमुन्यांत बुडालेला आहे. जुन्या कॅमेरोला ऑडीचा करडा द्यावा की पोर्शाचा हिरवा, की सरळ कँडी ॲपल करावी? कँडी म्हणजे खाली चांदी किंवा सोनेरी थर, वर पारदर्शक रंगाचे हात, त्यावर क्लिअर. दिसते देखणी, पण ओरखडा पडला तर तेवढाच तुकडा बुजवता येत नाही, अख्खा भाग पुन्हा रंगवावा लागतो. या विचाराने मनपंथीयाची झोप उडालेली असते. कोडपंथी नऊ वाजता घोरत असतो.

तर हा हिरवा कुणी निवडला होता? कोडपंथी समजतो, कुणा जाणत्याने. खरी गोष्ट जरा अडचणीची आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून क्रायस्लर गिऱ्हाइकाची मागणी नसतानाही गाड्या बनवून ठेवत असे, कारखाना बंद राहू नये म्हणून. मोठमोठ्या मैदानांत त्या गाड्या उन्हापावसात उभ्या असत आणि महिनाअखेरीला विक्रीची माणसं फोनवरून डीलरांच्या गळ्यात मारत. या साठ्याला नाव मात्र भारदस्त होतं, सेल्स बँक. अशा गाडीचा रंग कुणाच्याच आवडीचा नसे. हॅमट्रॅमकच्या कारखान्यात एखाद्या कारकुनाने जेवणाच्या सुट्टीआधी फॉर्मचा एक रकाना भरला, एवढंच. त्या रकान्यासाठी आज एक निवृत्त गृहस्थ आपल्या पेन्शनीतून पाच आकडी रक्कम मोजतो आहे. कारकुनाला कळलं असतं तर त्याने जेवण लांबवून थोडा विचार केला असता.

रंगाच्या वर्कशॉपमध्ये गेल्यावर या माणसाला खरा बहर येतो. एरवी गिऱ्हाईक पेंटरला म्हणतं, आरशासारखी चकाकली पाहिजे. कोडपंथी बजावतो, चकाकता कामा नये. १९७० मध्ये क्रायस्लर ॲक्रिलिक इनॅमल मारत असे आणि जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर. आजच्यासारखा बेसकोट आणि त्यावर क्लिअरकोट हा प्रकार नव्हता. त्यामुळे आजची खोल, ओलसर चमक जुन्या गाडीवर दिसली की हा नाक मुरडतो. शिवाय कारखान्यात रांग थांबवून कुणी वॉटर पेपरने घोटत बसत नव्हतं. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे राहत, ज्यांना धंद्यात ऑरेंज पील म्हणतात. ते आजच्या पेंटरने हात राखून पुन्हा आणायचे.

"इथे ओघळ येऊ दे थोडा," हा दाराखालच्या पट्टीवर बोट ठेवून सांगतो.

पेंटरने तीस वर्षं ओघळ येऊ नये म्हणून हात बसवलेला असतो. "मुद्दाम?"

"मुद्दाम दिसता कामा नये."

मग हा फोटोंची वही काढतो. गाडीच्या पोटाखाली प्रायमर आणि त्यावर कडेने उडालेला रंगाचा धुरळा किती असावा, याचे फोटो. तपासनिसांनी खडूने मारलेल्या खुणांचे फोटो. सस्पेन्शनच्या नटांवर 'घट्ट केला' म्हणून दिलेल्या रंगाच्या फटकाऱ्यांचे फोटो. तो फटकारा सरळ असून चालत नाही. शिफ्ट संपत आलेल्या माणसाच्या हातासारखा वाकडा हवा. पेंटर चार वेळा मारतो, चारही वेळा सुबक येतो. शेवटी हा त्याला डाव्या हाताने मारायला लावतो.

हे वेड एकट्याचं नाही, याला परीक्षक असतात. शिकागोजवळ रोझमाँटला नोव्हेंबरात मसल कार आणि कॉर्व्हेटचं मोठं प्रदर्शन भरतं. असल्या मेळ्यांत हातात पॅड घेऊन गाडीखाली सरपटत जाणारे लोक दिसतात. तिथे गाडी वाईट रंगवली म्हणून गुण जातात, तसे कारखान्यापेक्षा चांगली रंगवली म्हणूनही जातात. कागदावर 'अतिजीर्णोद्धार' असा शेरा आला की आठवडाभर कोडपंथीयाच्या घरी कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि श्रद्धेला बाजारभावही आहे, हे विसरून चालणार नाही. 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची हायलँड ग्रीन मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात कमिशन धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. ती कुणी नव्याने रंगवली नव्हती, झिजल्या अवस्थेत तशीच आणली होती. त्या दिवसापासून कोडपंथी गडद हिरव्याबद्दल बोलताना आवाज जरा चढवतो. आपला हिरवा क्रायस्लरचा आहे, तो हिरवा फोर्डचा होता, आणि आपल्या गाडीत मॅक्वीन कधी बसला नव्हता, हे तपशील अशा वेळी तो स्वतःहून काढत नाही.

या पंथात आपली मंडळीही आहेत. क्रायस्लरचं मुख्यालय ऑबर्न हिल्सला, आणि पुण्याहून आलेले इंजिनिअर त्या परिसरात ढिगाने. त्यातला एखादा पन्नाशीत, मुलं कॉलेजला गेल्यावर, १९७० ची चॅलेंजर घेतो. नव्याने माळ घातलेला असल्यामुळे याचा टाळ जरा जास्तच जोरात वाजतो. याच्या पट्टीवर खरोखरच एफसी७ असतो, आणि ही गोष्ट तो गणपतीच्या आरतीला जमलेल्या पाहुण्यांना आरती संपायच्या आत सांगतो.

"वांगी कलरची ना गाडी तुमची?" एखाद्या वहिनी आपुलकीने विचारतात.

"एफसी७," हा म्हणतो.

"हो, तोच. माझी एक इरकल आहे तशी."

पण खरी गंमत याच्या बायकोची. रंगाचा नमुना पसंत करायला हा तिला वर्कशॉपमध्ये घेऊन जातो, मत घ्यायला नव्हे, सोबत म्हणून. पेंटरने दोन पत्रे रंगवलेले असतात; आत ट्यूबलाइटखाली दोन्ही हुबेहूब. नवरा भिंग लावतो. पेंटर म्हणतो, फरक नाही. ती काही न बोलता दोन्ही पत्रे उचलते आणि थेट बाहेर, पार्किंगमध्ये, उन्हात जाते. ब्लाऊजपीस दुकानाच्या दिव्याखाली बघून घ्यायचा नसतो, ही लक्ष्मी रोडवरची शिकवण तिच्या हाडात मुरलेली आहे.

"हे एक नाहीत," ती म्हणते. "हा निळ्यावर जातोय. हा लालसर आहे."

पेंटर रंग मोजायचं यंत्र आणतो. यंत्र तिच्या बाजूने बोलतं. जुने रंग बनवायला वापरलेली रंगद्रव्यं आज तशीच मिळत नाहीत, नारिंगी-पिवळ्यांतली शिशाची तर गेलीच. वेगळ्या द्रव्यांतून तीच छटा जुळवली की ती एका उजेडात जुळते आणि दुसऱ्या उजेडात फितूर होते. नवऱ्याने या विषयावर सहा महिने वाचन केलेलं असतं. त्याने वर्कशॉपमधून निघताना तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर तिने लग्नाच्या व्हिडिओतही पाहिली नसेल. तेव्हापासून मिशिगनमधले दोन अस्सल अमेरिकन कोडपंथी आपले नमुने घेऊन तिच्याकडे येतात. ती चहा देते, पत्रे अंगणात नेते आणि निकाल देते. कोड ती विचारत नाही.

एवढं सगळं करणाऱ्या कोडपंथीयाची रोजची गाडी कोणत्या रंगाची असते, हे कुणी विचारायला हवं. मी एकाला विचारलं. तो थबकला. "करडी," म्हणाला, आणि बायकोकडे पाहिलं. "पांढरी," बायको म्हणाली. "चार वर्षं झाली." डीलरच्या आवारात जी उभी होती ती घेतली, असं त्याचं म्हणणं. हॅमट्रॅमकच्या कारकुनाचे वारस अजून कामावर आहेत म्हणायचे.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहिलं, तो प्रसंग. ड्रीम क्रूझच्या दिवशी आमचा ईएफ८ वाला गाडीशेजारी आपल्या खुर्चीत बसला होता. ही खुर्ची तो कुणाला देत नाही. बायको स्वतःची वेगळी आणते. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ काठी टेकत आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या नंबरप्लेटशी थांबले, आत डोकावले, डॅशबोर्डवरचा एक जुना चरा बघून हसले.

"ही माझी होती," ते म्हणाले. "पहिली. नवी घेतली होती मी."

कोडपंथी उठून उभा राहिला. मूळ मालक! पंथात याहून मोठं दर्शन नाही. आजूबाजूचे चार जण सरकून जवळ आले.

"पण हिरवी का केलीत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"केली नाही. ती हिरवीच आहे. मूळची."

"ते मला माहीत आहे. मला नारिंगी हवी होती. डीलरकडे हीच उभी होती, म्हणाला महिनाअखेर आहे, किमतीत सोडतो. घेतली. पण हा रंग मला एक दिवस आवडला नाही. पहिल्या उन्हाळ्यातच काळी करून टाकली. नंतर कुणी लाल केली ते ठाऊक नाही." म्हाताऱ्याने काठीने चाकाला हलकेच टोचलं. "तुम्ही नारिंगी करायची होतीत. छान दिसली असती."

सगळे कोडपंथीयाकडे बघू लागले. त्याने चष्मा चढवला, बॉनेट उघडलं, टॉर्च लावली आणि अत्यंत अदबीने म्हाताऱ्याला पट्टी दाखवली.

"तुमचं बरोबर असेल," तो म्हणाला, "पण इथे ईएफ८ आहे."

"अहो, पण गाडी मी घेतली होती ना?"

"घेतली होतीत. मान्य. पण त्याआधी ती बनली होती."

म्हातारा थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग मान हलवून जायला वळला. जाता जाता, आपल्यालाच सांगितल्यासारखं, पुटपुटला की घरी टेबलाच्या खणात त्या गाडीचा काचेवरचा किमतीचा कागद अजून पडून आहे, बायकोने कधी टाकू दिला नाही.

कोडपंथीयाच्या हातातली टॉर्च खाली आली. मूळ कागद. काचेवरचा. खण. त्याने धावत जाऊन म्हाताऱ्याचा दंड धरला, त्याला परत आणलं, स्वतःच्या खुर्चीवरची टोपी उचलली, बसायची जागा हाताने झटकली आणि म्हणाला,

"बसा ना. नारिंगी म्हणत होतात, ती कुठली, गो मँगो की हेमी ऑरेंज?"